अडतीस नंबरची जाळी

नागपूरला इतवारीत लोहाओळीत माझं तार-जाळीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला: कोणत्या गेजची, म्हणजे किती नंबरच्या तारेची? नंबर वाढला की तार बारीक. मच्छरजाळी असो की चाळणीची, जाडी विचारल्याशिवाय मी कात्रीला हात लावत नाही. आणि डिसेंबर २०१४ मध्ये माझ्याच हृदयात जाळी बसली, तेव्हा मात्र हा प्रश्न मला सुचला नाही.

रामटेकला गडाच्या पायऱ्या चढताना छाती आवळल्यासारखी झाली. बसलो की बरं, उठून चार पायऱ्या चढलो की परत तेच. घरच्यांनी गॅस समजून सोडा पाजला. दोन दिवसांनी दुकानाच्या माळ्यावर चढतानाही दुखलं, तेव्हा एका हार्टच्या डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी साफ, पण ट्रेडमिलवर चौथ्याच मिनिटाला त्यांनी मशीन थांबवली. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी.

ती मनगटातून झाली. टोचलेलं तेवढं कळलं, नळी पुढे सरकलेली काही कळली नाही. खोलीतला एसी इतका गार की नागपूरच्या थंडीतही दात वाजावेत. पडद्यावर शिरा दिसत होत्या, वडाच्या पारंब्यांसारख्या, आणि त्यातली समोरची मोठी एका जागी चिमटीत धरल्यासारखी. डॉक्टर मला टेबलावर तसंच ठेवून बाहेर घरच्यांशी बोलायला गेले.

बाहेर काय झालं ते बायकोने नंतर सांगितलं. स्टेंट, म्हणजे शीर उघडी धरणारी जाळी, दोन प्रकारचे: एक धातूचा, जन्मभर राहणारा, दुसरा विरघळणारा, दोन-तीन वर्षांत नाहीसा होणारा. दुसऱ्याचे जवळपास दोन लाख. बायको म्हणाली, "विरघळते म्हणे, मग चांगलंच आहे न! अंगात लोखंड कशाला ठेवायचं?" मेहुण्यांनी एटीएमकडे धाव घेतली. आत येऊन डॉक्टरांनी मला विचारलं, मी मान हलवली. सगळी बोलणी मिळून पाच मिनिटं. एवढ्या वेळात मी गिऱ्हाइकाला दोन मीटर जाळीही देत नाही.

तिसऱ्या दिवशी घरी. ॲस्पिरिन आणि सोबत रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी, शिवाय कोलेस्टेरॉलची. छाती पुन्हा दुखली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमती बांधल्या. साधा धातूचा ७,२६० रुपये. औषध लावलेला धातूचा आणि विरघळणारा, दोन्ही २९,६००, कर वेगळा. मेहुण्यांचा फोन: "भाऊजी, थोडं थांबले असते तर!" आता छातीला काय दोन वर्षांची तारीख मागायची होती?

खरी झोप उडाली ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. माझ्यात बसलेल्या जातीच्या स्टेंटची विक्री कंपनीने जगभर थांबवली. फाईल काखेत मारून मी डॉक्टरांकडे गेलो आणि तीन वर्षं उशिरा विचारलं, "साहेब, जाडी किती होती?"

"दीडशे मायक्रॉनच्या वर थोडी. धातूचे आता ऐंशीच्या आसपास असतात."

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनातल्या मनात मी गेजचा तक्ता काढला. म्हणजे माझी अडतीस नंबरची तार, धातूची चव्वेचाळीस नंबरची. तो पदार्थ म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, पॉलिलॅक्टिक ॲसिड. धातूइतकी ताकद त्यात नाही, म्हणून शीर उघडी धरायला काड्या जाड कराव्या लागतात. जाड काडीभोवती रक्त घोटाळतं आणि गुठळी धरते. विरघळताना तुटलेली काडी भिंतीत नीट मुरली नसेल तर आत लोंबते, तिथेही तेच. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात तीन वर्षांत अशी गुठळी विरघळणाऱ्यात २.३ टक्क्यांना झाली, धातूच्यात ०.७ टक्क्यांना. डॉक्टर सरळ माणूस, म्हणाले, "तेव्हा आम्हालाही हे इतकं माहीत नव्हतं. शीर आधी फुग्याने नीट फुगवायची, माप अचूक घ्यायचं, बसवल्यावर पुन्हा फुगवायचं, याचं महत्त्व नंतर कळलं." राग आला होता, तो निम्मा उतरला. उरलेला निम्मा त्या पाच मिनिटांचा आहे, तो अजून आहे.

गोळ्या मात्र अजिबात सोडायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दिवाळीनंतर दाढ काढायची वेळ आली. दाताचे डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवा. तिथूनच फोन लावला. "एक दिवससुद्धा नाही," हार्टवाले म्हणाले, आणि दोन्ही डॉक्टर आपसात बोलले. दाढ गोळ्या चालू ठेवूनच निघाली. तासभर कापूस दाबून बसलो, एवढंच.

२०१९ मध्ये सीटी अँजिओ केली. धातूचा स्टेंट असला तर त्याच्या चमकेने आतलं नीट दिसत नाही म्हणे. माझी शीर आरपार दिसली, मोकळी. जाळी कुठेच नाही. फक्त चार पांढरे ठिपके, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. प्लॅटिनमच्या खुणा त्या, बसवताना एक्स-रेत दिसाव्यात म्हणून लावलेल्या. जाळीचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन गेलं, ठिपके राहिले. बायकोने पडद्याजवळ जाऊन मोजले. "दोन लाखांचे चार ठिपके," ती म्हणाली.

गेल्या वर्षी मेहुण्यांचीच पाळी आली. या वेळी डॉक्टर बाहेर आले तेव्हा दारात मी उभा होतो. शंभर मायक्रॉनचा विरघळणारा स्टेंट आता आपल्याकडे वापीची कंपनी बनवते, हे मी वाचून गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, यांची शीर बारीक आहे आणि त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर, इथे धातूचाच बरा.

"किती मायक्रॉन?"

ते जरा थबकले. "साठ."

शेचाळीस नंबर. इतकी बारीक तार मी दुकानात कधी ठेवली नाही. म्हटलं, बसवा.