गोठलेली की कोरडी? – नोंद तिसरी

अडलेलं सुटलं एकदाचं. उपग्रहाच्या वाचनांवरून जमीन गोठली आहे का हे ओळखणारा प्रोग्रॅम मी सैबेरियातल्या याकुत्स्कच्या चौकटीसाठी, म्हणजे नकाशाच्या एका चौकोनी तुकड्यासाठी, लिहिला होता. तो सहज आमच्या अमळनेरच्या चौकटीवर चालवला, तर त्याने मे महिन्यातली जमीन गोठलेली दाखवली! पारा ४२ च्या वर, शिवारात हात जाईल एवढ्या भेगा.

आकडेमोड बरोबर होती. मातीचा ओलावा मोजणाऱ्या नासाच्या स्मॅप उपग्रहाचं रडार २०१५ च्या जुलैत बंद पडलं. तेव्हापासून गोठण-वितळणीची भिस्त त्याच्या १.४१ गिगाहर्ट्झच्या रेडिओमीटरवर, म्हणजे जमिनीतून आपोआप निघणाऱ्या लहरी मोजणाऱ्या यंत्रावर आहे. या लहरींच्या उभ्या आणि आडव्या ध्रुवणात (कंपनाच्या दिशेत) उपग्रहाला दिसणाऱ्या तापमानांचा फरक काढायचा, त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. माती ओली असली की हे गुणोत्तर मोठं, गोठली की लहान. हे ठरतं परावैद्युत स्थिरांकावर, म्हणजे पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्या आकड्यावर. पाण्याचा तो ८० च्या घरात, बर्फाचा जेमतेम ३. पण कोरड्या मातीचाही ३-४ च! दोन्हीकडे मोकळं पाणी नाही, म्हणून उपग्रहाला दोन्ही सारख्याच दिसतात.

हे हाताने पडताळायचं होतं. वाफशावरची काळी माती डब्यात भरली, ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर आणि तापमानाची तार खुपसून डबा फ्रीजरमध्ये ठेवला. आई म्हणाली, "हाई काय करी ऱ्हायना तू?" पण भाजीची पिशवी हलवून तिने जागा करून दिली. शून्यापाशी तापमान कितीतरी वेळ अडून राहिलं. पाणी गोठताना उष्णता सोडतं, ती निघून जाईपर्यंत काटा हलत नाही. मग ओलाव्याचं वाचन घसरत घसरत कोरड्या मातीजवळ आलं, पण तिथवर पोचलं नाही. चिकणमातीच्या कणांना चिकटलेला पाण्याचा पातळ थर शून्याखालीही द्रवच राहतो. थंडीने सेन्सरच चुकत नाही ना, हे पाहायला कोरड्या मातीचा डबाही तसाच ठेवला होता. त्याचं वाचन फारसं हललं नाही.

आता उपाय. उपग्रहाला दिसणारं तापमान म्हणजे मातीचं खरं तापमान गुणिले उत्सर्जकता (माती लहरी किती चांगल्या सोडते त्याचं माप), आणि उत्सर्जकता एकाच्या वर जात नाही. म्हणजे उभ्या ध्रुवणाचं वाचन २७३ केल्विनच्या (साधारण शून्य अंश सेल्सिअसच्या) वर असेल तर माती शून्याखाली असूच शकत नाही. ही एक ओळ घातली आणि मे महिना साफ झाला. बाहेरून हवामानाची माहिती आणावी लागली नाही, याचा मला फार आनंद आहे.

जानेवारी मात्र बाकी आहे. कपाशी उपटलेली कोरडी रानं, उपग्रहाची पहाटे ६ ची फेरी, गारठा. तेव्हा वाचन २७३ च्या खालीच येतं आणि ही ओळ निरुपयोगी ठरते. तिथे हवेचं तापमान जोडावंच लागेल.

आज रात्री बोरी नदीची वाळू फ्रीजरमध्ये जातेय. तिच्यात चिकण नाही, तेव्हा ओलाव्याच्या वाचनाची घसरण सरळ उभी यायला हवी.