दार्जिलिंगला फक्त चहासाठी: मे अखेरचा प्रवास आणि जाणाऱ्यांसाठी माहिती

दार्जिलिंगला लोक टायगर हिलच्या सूर्योदयासाठी जातात, टॉय ट्रेनसाठी जातात. आम्ही दोघं गेलो ते फक्त चहा प्यायला. दूध-साखर-आलं घालून उकळलेला चहा दोघांच्याही रक्तात आहे आणि तो सुटणार नाही. पण एकाच झुडपाच्या पानांतून इतक्या निरनिराळ्या चवी कशा निघतात हे जागेवर जाऊन, कप शेजारी शेजारी ठेवून बघायचं होतं. ज्यांना असंच जायचं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी वेळेबद्दल, कारण सगळं त्यावर आहे. तिथे तोडणी वर्षभर चालत नाही. हिवाळ्यात झुडपं झोपलेली असतात. फेब्रुवारी अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पहिली कोवळी पालवी खुडतात, तो फर्स्ट फ्लश. मे-जूनचा सेकंड फ्लश, नंतर पावसाळी चहा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ऑटमनल. मे अखेरीस गेलात तर दुकानात यंदाचा फर्स्ट फ्लश ताजा असतो, कारखान्यात सेकंड फ्लश तयार होत असतो आणि मागच्या वर्षीचा ऑटमनलही थोडाफार शिल्लक असतो. तिन्ही हंगाम एका टेबलावर मांडता येतात. याची किंमत म्हणजे सुट्ट्यांची गर्दी आणि ढग. कांचनजंगा दिसेलच असं धरून चालू नका. डोंगर आणि चहा दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर बरं. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका, कारखान्यात बघायला काही नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे रस्त्याचा भरवसा नसतो.

बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपाईगुडी स्टेशन, तिथून जीपने साधारण तीन-साडेतीन तास. शेअर जीप सिलिगुडीहून सहज मिळते. टॉय ट्रेनचा पूर्ण मार्ग सुमारे ८८ किलोमीटरचा आहे आणि त्याला सात-आठ तास लागतात. १८८१ पासूनची ही रेल्वे मला मनापासून आवडते, पण चहासाठी वेळ हवा असेल तर दार्जिलिंग ते घूम एवढीच फेरी पुरे. जाताना जीपवाल्याला कर्सियांगवरून न्यायला सांगा. तुंग गावाजवळ रस्त्याला लागूनच मार्गारेट्स होप बागेचं कॅफे आहे, दरीवर निघालेलं. घाट चढून आल्यावर तिथला पहिला कप फार चांगला लागतो.

आता चाखण्याकडे. दार्जिलिंगमधल्या चौरस्ता या मुख्य चौकाच्या आसपास नाथमल आणि गोल्डन टिप्स ही दोन नावाजलेली ठिकाणं आहेत. नाथमल १९३१ पासूनचं. अशा ठिकाणी मेन्यू बघून एकेक कप मागवू नका. ‘थोडा-थोडा, वेगवेगळा, एकदम मांडून द्या’ असं सांगा. दुपारची गर्दी टाळून सकाळी गेलं तर काउंटरवरची माणसं उत्साहाने करून देतात. आम्हाला ज्या दाजूंनी (नेपाळीत थोरला भाऊ) चहा करून दिला त्यांनी दूध-साखरेचा विषयच काढला नाही. छोट्या पांढऱ्या कपांची रांग लावली, प्रत्येकापुढे झाकणावर भिजलेली पानं उलटी करून ठेवली आणि म्हणाले, “दीदी, आधी पान बघा, मग वास घ्या, मग प्या.”

हा क्रम मी सगळ्यांना सांगेन. भिजलेल्या पानात अर्धी गोष्ट दिसते. फर्स्ट फ्लशचं पान भिजल्यावरही हिरवट होतं. हा चहा काळ्या चहात मोडतो तरी इतका हिरवा, कारण या हंगामात पानं सुकवताना त्यातलं पाणी खूप काढून टाकतात आणि मग ती पूर्ण लाल होत नाहीत. कपातला रंग फिक्या मधासारखा, वास फुलांचा, आणि जिभेच्या कडेला हलकीशी तुरट चुणूक. शेजारच्या सेकंड फ्लशचं पान तांबूस, चहा गडद सोनेरी, अंगाला भरीव. त्यापुढचा ऑटमनल तांबडा, मऊ, कुठेही न टोचणारा. चाखणाऱ्या लोकांमध्ये फर्स्ट फ्लशला मान जास्त, भावही जास्त. मला विचाराल तर ऑटमनल हा सर्वात दुर्लक्षित चहा आहे. बिनदुधाच्या चहाची सवय नसलेल्या माणसाला मी तोच पहिल्यांदा देईन.

पिताना आवाज करायचा. चमच्याने थोडा चहा घ्यायचा आणि हवेसकट जोरात ओढायचा, म्हणजे तो तोंडभर पसरतो आणि वास टाळूमागून नाकात चढतो. पहिल्यांदा संकोच वाटतो, पण तिथे सगळे तसेच पितात. व्यावसायिक चाखणारे नंतर थुंकून टाकतात. आपण गिळायला हरकत नाही, मात्र एका बैठकीला पाच-सहा छोट्या कपांच्या पुढे जाऊ नका. त्यानंतर जीभही थकते आणि रात्रीची झोपही जाते. रिकाम्या पोटी तर अजिबात नको. आणि आधी मोमोंबरोबरची तिखट चटणी खाल्ली असेल तर तास-दीड तास थांबा.

कारखाना बघायला गावाजवळ हॅप्पी व्हॅली सोयीची. १८५४ ची बाग, सुमारे २१०० मीटर उंचीवर. चौकबाजारातून चालत उतरता येतं, परतीचा चढ मात्र दम काढतो. शुल्क भरून आतून फिरवून आणतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: बागांमध्ये रविवारी तोडणी नसते आणि खुडलेलं पान रात्रभर सुकवल्यावरच पुढे जातं, त्यामुळे सोमवारी सकाळी यंत्रं बहुधा थंड असतात. मंगळवार ते शनिवारमधली सकाळ धरा.

आत शिरल्याबरोबर वास येतो, आणि तो कुठल्याही चहाच्या डब्याचा नसतो. लांबलचक जाळीच्या हौदांवर पानं पसरलेली असतात, खालून वारा सोडलेला असतो. चौदा ते अठरा तास ती तशीच पडून सुकतात. हातात घेऊन बघा (विचारून): मुठीत दाबली तर चुरा न होता रेशमी कापडासारखी गोळा होतात आणि सोडल्यावर हळूहळू उलगडतात. तेव्हाच सफरचंदासारखा एक गोड वास यायला लागतो. मग पान वळण्याच्या यंत्रात जातं, पेशी फुटतात, हवेशी गाठ पडून पान लाल व्हायला लागतं, आणि योग्य क्षणी गरम हवेने सुकवून ही क्रिया थांबवतात. तो क्षण ठरवणारा माणूस घड्याळापेक्षा नाकावर भरवसा ठेवतो. साधारण चार-साडेचार किलो हिरव्या पानांतून एक किलो चहा निघतो. बाहेर उतारावर बायका डोक्यावरून पट्टा घेतलेला डोको (विणलेली टोपली) पाठीवर टाकून दोन पानं आणि एक कळी खुडत असतात. एका झुडपाकडे दर पाच-सात दिवसांनी परत यावं लागतं. हे बघितल्यावर चहाच्या किमतीवर घासाघीस करावीशी वाटत नाही.

सेकंड फ्लशबद्दल थोडं अधिक, कारण या प्रवासातला सगळ्यात मोठा आनंद तोच होता. चांगल्या सेकंड फ्लशला मस्कटेल म्हणतात, पिकलेल्या मस्कत द्राक्षाचा वास असलेला. हा वास बाहेरून घातलेला नसतो. या दिवसांत तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांचा रस शोषतात. झाड स्वतःला वाचवायला पानात काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि कारखान्यात पान लाल होताना तीच द्राक्षाचा वास देतात. आपल्या शेतात तुडतुडा दिसला की आपण फवारणीचा पंप उचलतो, आणि इथे त्याच्या चाव्याची वाट बघतात! २०१७ साली वेगळ्या राज्यासाठीच्या गोरखालँड आंदोलनाचा १०४ दिवसांचा बंद नेमका जूनमध्ये सुरू झाला, तेव्हा बागांच्या हातून गेला तो मुख्यतः हाच चहा. त्याचा फटका किती मोठा होता हे एक कप प्यायल्यावर नीट कळतं.

पांढरा, हिरवा आणि ऊलाँग हे चहाही आता तिथे बनतात. पांढरा म्हणजे मुख्यतः कळ्या, फक्त सुकवलेल्या. चव इतकी हलकी की बाकी काही पिण्याआधीच घ्यायला हवा. ऊलाँग अर्धवट लाल केलेला, फर्स्ट आणि सेकंड फ्लशच्या मधला दुवा म्हणून छान. हिरवा चहा मला दार्जिलिंगचा फारसा रुचला नाही.

आता स्वादाच्या चहांकडे. गुलाब, मोगरा, तुळस-आलं, बर्गमॉट या लिंबासारख्या फळाच्या तेलाचा अर्ल ग्रे, केशर-वेलदोडा-दालचिनीचा काश्मिरी कहवा, हे सगळं दार्जिलिंगच्या दुकानांत मांडलेलं असतं. जाणकार त्याकडे नाक मुरडतात. ते मला पटत नाही. चांगला स्वादाचा चहा ही स्वतंत्र कला आहे. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांबरोबर रात्रभर पान ठेवून, फुलं काढून, पुन्हा ताजी फुलं घालून जो सुगंध पानात मुरवतात तो आणि वरून शिंपडलेलं अत्तर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच पानांवर दुसऱ्यांदा गरम पाणी ओता. वरून शिंपडलेला वास पहिल्या पाण्यातच संपतो आणि खालचा मामुली चहा उघडा पडतो. मुरवलेला वास दुसऱ्या कपातही राहतो, फक्त मंद होतो. काउंटरवर हे करून दाखवा म्हणायला लाजू नका. बैठकीत हे चहा मात्र शेवटी घ्या. बर्गमॉट एकदा जिभेवर बसला की फर्स्ट फ्लशची फुलं हरवली म्हणून समजा. आणि कॅमोमाइल, जास्वंद, गवती चहा यांत चहाचं पानच नसतं. प्यायला छान, पण झोपण्याआधीसाठी ठेवा.

तिबेटी खानावळीत लोणी-मिठाचा चहा जरूर मागवा. वडीच्या चहाचा काढा, लोणी आणि मीठ एकत्र घुसळून तो करतात. चहा समजून प्यायलात तर पहिला घोट अडतो. सूप समजून, थंडीत, बरोबर काहीतरी भाजलेलं घेऊन प्या. पावसाने भिजून आलेल्या संध्याकाळी त्याने जी ऊब दिली ती दुसऱ्या कशानेही दिली नसती. आणि रस्त्यावर स्थानिक लोक काय पितात? दूध घातलेला सीटीसीचा, म्हणजे दाणेदार पत्तीचा, कडक चहा, आपल्यासारखाच. तोही प्या.

खरेदी करताना पाकिटावर टी बोर्डाचं गोल चिन्ह बघा, हातात पान धरलेल्या स्त्रीचं. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेली पहिली वस्तू म्हणजे दार्जिलिंग चहा, २००४ साली. तरीही सीमेपलीकडच्या नेपाळमधल्या इलामचा चहा दार्जिलिंगच्या नावाने खपवला जातो. इलामचा चहा चांगलाच असतो, पण तो त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने घ्यावा. पाकिटावर बागेचं नाव, हंगाम आणि वर्ष नसेल तर सोडून द्या. एसएफटीजीएफओपी वगैरे लांबलचक अक्षरं पानाचा आकार आणि प्रत सांगतात, चव सांगत नाहीत. भाव शंभर ग्रॅमला काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जातो. मोठं पाकीट एक घेण्यापेक्षा पन्नास-पन्नास ग्रॅमची तीन-चार घ्या, शक्यतो एकाच बागेचे वेगवेगळे हंगाम. घरी पाहुणे आले की तीच रांग त्यांच्यापुढे मांडता येते.

घरी करताना एक गोष्ट फार महत्त्वाची. दार्जिलिंगच्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. आपल्याकडे समुद्रसपाटीजवळ ते शंभरावर जातं, आणि खळखळतं पाणी फर्स्ट फ्लशवर ओतलं की तिथे फुलांसारखा लागलेला चहा घरी कडू होतो. मग लोक दुकानदाराला दोष देतात. पाणी उकळल्यावर आच बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. दीडशे-दोनशे मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पान, म्हणजे या फुलक्या पानांचा एक भरघोस चमचा. फर्स्ट फ्लश तीन मिनिटं, सेकंड फ्लश आणि ऑटमनल चार, पांढरा चहा आणखी निवलेल्या पाण्यात पाच. पान पाण्यात कधीच उकळू नका. वेळ झाली की पूर्ण गाळून घ्या, पान कपात राहू देऊ नका.

डबा घट्ट झाकणाचा आणि मसाल्याच्या कपाटापासून लांब. चहा शेजारचा वास पटकन ओढून घेतो. फर्स्ट फ्लश वर्षाच्या आत संपवा, ऑटमनल थोडा जास्त टिकतो. आणि मुक्काम वाढवता आला तर कर्सियांगजवळच्या मकाईबारी बागेत कामगारांच्या घरांमध्ये होमस्टे मिळतात. आधी फोन करून ठरवा आणि सकाळी लवकर उठून तोडणीला निघालेल्या बायकांबरोबर बागेत जायची परवानगी तिथल्या घरमालकिणीकडेच मागा.