पश्चिमेच्या भिंतीचा निळा

हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मी महिन्याभरात दोनदा रंग दिला. पहिला रंग दुकानात ट्यूबलाइटखाली शेड कार्डावर पाहून पसंत केला होता, अगदी पावसाळा संपल्यावरच्या सकाळच्या आभाळासारखा. भिंतीवर चढल्यावर सकाळी तो तसाच दिसायचा. पण चार वाजता ऊन तिरपं होऊन आत आलं की हिरवट व्हायचा, आणि रात्री पिवळा दिवा लावला की राखाडी. आपल्याच हॉलमध्ये बसून दवाखान्याच्या व्हरांड्यात नंबराची वाट पाहतोय असं वाटायचं. येणारे-जाणारे छान आहे म्हणत होते, पण मला काही ते सहन होईना.

दुसऱ्या खेपेला आलेले पेंटर भाऊ साठीच्या पुढचे होते. भिंत पाहिली, खिडकी पाहिली आणि म्हणाले, "ताई, कार्डावरचा निळा कोणाच्याच घरी येत नाही. फळीवर लावून पाहा." दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे चार तुकडे आणले, पांढरा प्रायमर मारला आणि प्रत्येकावर एकेका निळ्याचे दोन-दोन हात दिले. मग आठ दिवस मी त्या फळ्या घरभर फिरवत होते. सकाळी सात, दुपारी बारा, चार, सहा आणि दिवे लागल्यावर, अशा वेळा वहीत लिहून ठेवल्या. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे नोंदी ठेवल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

नोंदींतून निघालेली गोष्ट अशी. निळ्यात हिरव्याची झाक असेल तर आपल्या दुपारच्या पिवळ्या उन्हात ती झाक वर येते आणि निळा हरतो. जांभळ्याकडे जरासा कललेला निळा मात्र त्याच उन्हात निळाच राहतो, कारण आतली लालसर छटा पिवळेपणा तोलून धरते. आणि कार्डाच्या बोटभर चौकोनात फिका वाटलेला रंग बारा फुटी भिंतीवर चांगलाच गडद होतो, म्हणून मनात असेल त्याहून एक पायरी फिका घ्यायचा. चौथी फळी जिंकली. सातला हलकी, बाराला शांत, चारला भर उन्हातही निळी.

फळ्या फिरवताना सारखी आई आठवत होती. हे सगळं तिला पन्नास वर्षांपूर्वी येत होतं.

नागपुरात इंदोऱ्यातलं आमचं घर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, दोन खोल्यांचं. दसऱ्याआधी घराला चुना मारायचा हा नेम. कळीचा चुना आदल्या रात्री लोखंडी पिंपात भिजत टाकायचे. तो खदखदायचा, वाफ यायची, आम्हा पोरांना जवळ फिरकायची मुभा नव्हती. सकाळी आई तो जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, त्यात डिंकाचं पाणी घालायची आणि मग नीळ. कपड्यांची नीळ. फडक्यात तिची पुरचुंडी बांधून ती चुन्याच्या बादलीत बुडवून पिळायची. पांढऱ्यात निळ्या रेघा उमटायच्या, काठीने ढवळलं की पसरायच्या, पुन्हा पिळायचं, पुन्हा ढवळायचं. बादलीतला रंग पाहून मी म्हणायचे, झाला, आता लाव. आई ऐकायची नाही. एका फुटक्या कवेलूच्या पाठीवर बोटानं पट्टा ओढायची आणि तो उन्हात ठेवायची. "घाई कायले करतं? वाळला का मंग पायजो."

वाळलेला पट्टा बादलीतल्या रंगाच्या निम्माही नसायचा. ओला चुना निळा पुढे करतो, वाळताना पांढरा वर येतो. मग आणखी एक पीळ, आणखी एक पट्टा. चार-पाच पट्ट्यांची ती कवेलू ओसरीवर ऊन खात पडलेली असायची, आणि आई मधूनमधून येऊन डोळे बारीक करून तिच्याकडे बघून जायची. पेंटर भाऊंच्या फळ्या आणि आईची कवेलू, काम एकच.

ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एकेकाळी हा रंग अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड दळून काढत, आणि युरोपात तो सोन्याच्या तोलाचा मानला जाई. १८२८ साली फ्रान्समध्ये झाँ-बातिस्त गिमे यांना तो कृत्रिमरीत्या बनवण्याबद्दल बक्षीस मिळालं. मग तो इतका स्वस्त झाला की आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात पुडीत मिळू लागला. चुना तीव्र अल्कली असतो, पण त्यात ही नीळ टिकते. प्रशियन ब्लू हा दुसरा निळा रंग घातला असता तर तो चुन्यात उडून तपकिरी पडला असता. आईला यातलं रसायन कोणी शिकवलं नव्हतं. कोणती पुडी घ्यायची हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या निळ्या भिंतीवर समोरच बाबासाहेबांचा फोटो होता. नागपुरात, आमच्या घरात, निळा हा नुसता आवडीचा रंग नाही. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची स्थापना याच शहरात झाली आणि तिचा झेंडा निळा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर होती. आमच्या पंचशील ध्वजात पहिला पट्टा निळा, मैत्रीचा. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी भिंत निळी असते.

तसं नसतं हे लग्नानंतर कळलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने घर घेतलं, तेव्हा घरमालकांना मी विचारलं की आमच्या खर्चानं एक भिंत रंगवू का. ते म्हणाले, "निळा सोडून कोणताही लावा." आवाजही चढवला नाही. मी त्या घरात सहा वर्षं क्रीम रंगाच्या भिंतींमध्ये राहिले. म्हणून स्वतःचा फ्लॅट झाल्यावर पहिली भिंत निळीच होणार होती, आणि ती हिरवट दिसते हे मला का सोसवलं नाही तेही त्यातच आलं.

उन्हाळ्याबद्दल लोक हमखास विचारतात. निळ्यानं खोली थंड होते का? होत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा भिंतीचा रंग तापमान एक अंशानंही उतरवत नाही. ते काम गच्चीवरच्या पांढऱ्या चुन्याचं आणि कूलरच्या वाळ्याचं. बाहेरून पश्चिमेला गडद निळा लावणं तर चूकच, भिंत आणखी तापते. पण नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक नऊ दिवसांत, दुपारी दार लोटून घेतलं, पडदे ओढले आणि कूलरचं ओलं वारं अंगावर आलं की त्या भिंतीकडे पाहून डोळे निवतात. मला तेवढं पुरे आहे.

दिवे बदलावे लागले. २७०० केल्विनचे पिवळे दिवे काढून ४००० केल्विनचे, म्हणजे कमी पिवळे, लावले, तेव्हा कुठे रात्रीचा राखाडीपणा गेला. पडदे गांधीबागेच्या कापडबाजारातून आणले, हातमागाचं जाडं कापड, भिंतीहून गडद निळं. पहिल्याच उन्हाळ्यात ते घड्यांच्या रेषांवर विटले, उभ्या पांढुरक्या पट्ट्या पडल्या. पश्चिमेच्या खिडकीला अस्तराशिवाय निळा पडदा लावू नये, हे मी आता प्रत्येकाला सांगते. नव्यांना मागून पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर शिवून घेतलं आहे.

स्वयंपाकघर मी पांढरंच ठेवलं. हळद, तेल आणि फोडणीपुढे फिका निळा दोन महिन्यांत मळका दिसतो. तिथे फक्त कपाटांच्या मुठी निळ्या आहेत, जयपूरच्या ब्लू पॉटरीच्या, हस्तकला मेळाव्यातून एकेक निवडून घेतलेल्या. त्या कामात कुंभाराची नेहमीची चिकणमाती नसतेच. गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती आणि डिंक यांचा लगदा असतो. गडद निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. एका मुठीवर कारागिराच्या ब्रशच्या एका केसाची खूण तशीच भाजली गेली आहे, फुलाच्या पाकळीवर काळी बारीक रेघ. भांडं काढताना रोज माझं बोट तिच्यावर जातं.

दिवस मावळल्यावर दिवा लावायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मी हॉलमध्ये नुसती बसते. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग काळपट दिसू लागतो आणि निळा उजळतो. पुर्किन्ये परिणाम म्हणतात त्याला. सोफ्यावरची लाल उशी दिसेनाशी होते, आणि भिंत जणू आतून उजळते. तिच्यावर बाबासाहेबांचा तोच फोटो आहे, इंदोऱ्याच्या घरातला, फ्रेम नवी.

आता बेडरूमची एक भिंत बाकी आहे, पूर्वेकडची. तिथे सकाळचं ऊन येतं, म्हणजे सगळा हिशेब उलटा. गेल्या आठवड्यात आई राहायला आली तेव्हा दोन फळ्या रंगवून मी बाल्कनीत ठेवल्या होत्या. तिनं चष्मा लावून पाहिल्या, एकीवर बोट टेकवलं, बोट उजेडात धरून पाहिलं.

"ओली हाय अजून," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून तिथंच बसली.