धानातला मिथेन, कार्बन क्रेडिट आणि आमची बांधी: माझा अनुभव

सात-बारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक आणि बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, उभं राहून काढलेला फोटो. धानातला मिथेन, म्हणजे हवा तापवणारा गॅस, कमी करून कार्बन क्रेडिट (न सोडलेल्या गॅसचा विकता येणारा दाखला) मिळवायचं काम या कागदांपासून सुरू होतं.

आमची शेती भंडारा जिल्ह्यात. खरिपात धान आणि बोअरच्या भरवशावर उन्हाळ्यातही धानच. रोवणीच्या आधी एका कंपनीची माणसं गावात आली. उन्हाळी धानाला पाणी तोडून तोडून द्या, त्याचे पैसे मिळतील, असं त्यांचं म्हणणं. सात-बारावर बाबांसोबत काका आणि दोन्ही आत्यांची नावं आहेत, म्हणजे संमतिपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. गॅस समजावून सांगण्यापेक्षा हे काम जड गेलं. मोठी आत्या फोनवर म्हणाली, "जमीन तर नाही ना जात रे कुठं?" तिचा प्रश्न रास्त होता, म्हणून करार पुन्हा वाचायला बसलो. जमीन जात नव्हती. पण पुढच्या काही वर्षांचा कार्बनचा हक्क कंपनीकडे जात होता, आणि त्याच शेतावर दुसऱ्या कुणाशी असा करार करता येणार नव्हता. ते कलम आत्याला वाचून दाखवलं, मग सही आली. तुम्ही अशा फाइलवर सही करणार असाल तर तेच कलम आधी शोधा.

बाबांची शंका वेगळी. धानातून कसला गॅस निघतो? भरल्या बांधीत पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. त्या बुडबुड्यांत बराचसा मिथेनच असतो. (वास येतो तो दुसऱ्या वायूंचा, मिथेनला वास नसतो.) पाणी साचून राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव जुनं धसकट, मुळं, शेणखत कुजवता कुजवता मिथेन तयार करतात. त्यातला थोडाच बुडबुड्यांनी बाहेर पडतो. बाकीचा धानाच्या मुळांत शिरतो आणि खोडातल्या पोकळ्यांमधून वर हवेत जातो. पाण्यात उभ्या मुळांना हवा मिळावी म्हणून धानाने जी वाट केली, तीच या गॅसला सापडते. माणसाच्या उद्योगांमुळे जगभर जेवढा मिथेन निघतो, त्यातला साधारण ८ ते १० टक्के भातशेतीतला आहे. चिखल मधूनमधून उघडा पडला, त्यात हवा शिरली, की हे सूक्ष्मजीव मंदावतात.

साधन म्हणाल तर चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा. त्याच्या खालच्या २० सेंटिमीटरला चारी बाजूंनी ड्रिलने भोकं पाडायची, तेवढा भाग चिखलात गाडायचा आणि आतली माती हाताने उपसून काढायची. मग मातीखालचं पाणी पाइपात दिसतं. मी बांबूच्या कामटीवर खुणा करून घेतल्या होत्या. सकाळी कामटी आत घातली की आधी बेडूक बाहेर उडी मारायचा. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की मोटार लावायची, वर पाच सेंटिमीटर भरायचं आणि पुन्हा आटू द्यायचं. फिलिपाइन्समधल्या 'इरी' या भात संशोधन संस्थेने रुजवलेली ही पद्धत आहे. रोवणीनंतर दोनेक आठवडे मात्र पाणी ठेवावंच लागतं, नाहीतर तण माजतं. धान निसवताना (लोंबी बाहेर पडताना) सुद्धा पाणी तोडायचं नाही.

पहिल्यांदा बांधी उघडी पडली तेव्हा बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आमची जमीन मोरांड; वरचा थर कोरडा झाला की केसाएवढ्या भेगा पडतात. पाइपात पाणी आहे, मुळं तिथवर पोचलेली आहेत, हे मी सांगायचो आणि ते धुऱ्यावर (बांधावर) पाठ करून उभे. पुढे फुटवे नीट धरलेले दिसले, तेव्हा कामटी त्यांच्या हातात गेली ती गेलीच.

युरिया बांधी सुकत आली की टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. तो जास्त टाकला तर ओल्या-सुक्या मातीतून नायट्रस ऑक्साइड निघतो. किलोमागे तो मिथेनच्याही कितीतरी पट तापवतो, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. निंदणाचा खर्च वाढला, हेही सांगायला हवं. धानाचा उतारा नेहमीएवढाच आला.

वाचलं काय? वीजबिल नाही. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे मोटार कमी चालली तरी खिशात एक रुपया पडत नाही. रात्रीची वीज असते तेव्हा बांधीवर जायचं कमी झालं, ते मात्र फार मोलाचं. आणि मे महिन्यात गुळण्या टाकणारा आमचा बोअर शेवटच्या पाण्यापर्यंत टिकला. माझ्या लेखी खरी कमाई तीच.

क्रेडिटचा हिशेब मी स्वतःच मांडून पाहिला. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१९ च्या आकड्यांनुसार दक्षिण आशियात पाणी भरून ठेवलेल्या धानातून हेक्टरी रोज सरासरी ०.८५ किलो मिथेन निघतो. शंभर दिवसांचे ८५ किलो. वरचेवर पाणी तोडलं तर त्यात ४५ टक्के घट धरतात, म्हणजे ३८ किलो. एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढं तापवतो असं धरलं तर हेक्टरी जेमतेम एक टन, म्हणजे एक क्रेडिट; एकरी अर्ध्या टनाच्याही आत. त्यातून तपासणीचा खर्च आणि कंपनीचा वाटा जाणार. हे उत्पन्न नव्हे, फार तर निंदणाची भरपाई.

प्रत्येक सुकवणीला पाइपाचा फोटो ॲपवर चढवायचा, तोही बांधीत उभं राहून. आमच्या धुऱ्यावर नेटवर्क नाही, त्यामुळे फोटो काढून शाळेपाशी यायचं आणि चढवायचा. कटकट आहे, पण गरजेची. क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या 'व्हेरा' या संस्थेने २०२४ मध्ये चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प रद्द केले होते. पुरावा नसला की तेच व्हायचं. तपासणी अजून बाकी आहे आणि पैसे आलेले नाहीत.

कंपनीला आता खरिपासाठीही सही हवी आहे. ती मी दिलेली नाही. उन्हाळ्यात पाणी माझ्या बोअरचं असतं. श्रावणात ते वरच्या बांधीतून माझ्या बांधीत आणि माझ्यातून खालच्या बांधीत उतरतं. वरच्या शेतकऱ्याने पाणी सोडलं की माझा पाइप बुडालाच. अख्खी ओळ एकत्र आली तर बघू, असं त्यांना सांगितलंय. वरच्या बांधीवाल्या काकांशी अजून बोलणं व्हायचंय.