तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सवय न लागणारं काहीतरी द्या’

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या मेडिकलमध्ये हा प्रश्न दुकान रिकामं झालं की येतो. आधी डोकेदुखीची पट्टी घेतात, पैसे देतात, मग आवाज खाली आणून, “ताई, सारखी घबराट होते हो. झोप नाही. गोळी नको, काहीतरी आयुर्वेदिक द्या, सवय न लागणारं.” गिऱ्हाईक उभं असताना याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून टाकते.

धोका दिसला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. फास्ट लोकलच्या दारात उभं असताना हे कामाचंच आहे. रविवारी दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्याही तेच व्हायला लागलं की त्रास. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत कळसाला जातो आणि मग ओसरतो, पण तेवढा वेळ माणसाला हार्ट अटॅकच वाटतो. पहिल्यांदा झालं तर ईसीजी काढाच. थायरॉईड वाढलेला असला, रक्त कमी असलं तरी धडधडतं. म्हणून मी उलट विचारते, थायरॉईड कधी तपासलात? आणि दिवसाला चहा किती?

आता अश्वगंधा, कारण मागणी तिलाच. मुळाच्या अर्कावर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, बहुतेक रोज ३०० ते ६०० मिलिग्रॅम, सहा-आठ आठवडे. ताण, चिंता थोडी कमी झाल्याचं त्यांत दिसतं. थोडी, हे लक्षात ठेवा. शिवाय चमचाभर चूर्ण आणि अर्काची कॅप्सूल एक नव्हे. अश्वगंधा थायरॉईडचं काम वाढवू शकते, म्हणजे ज्याची धडधड मुळात थायरॉईडचीच आहे त्याच्यासाठी आगीत तेल. गरोदरपणी नकोच. क्वचित यकृतालाही इजा झाल्याची उदाहरणं आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. मला ते जरा अति वाटतं, पण डोळे पिवळे दिसले तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

ब्राह्मीचा अभ्यास झालाय तो जास्त करून स्मरणशक्तीसाठी, आणि रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. जटामांसी हिमालयातली. तिथे ती दुर्मिळ होत चाललीय, त्यामुळे पुडीत नक्की काय आलं याची खात्री मी देत नाही.

जायफळ मात्र घरोघरी आहे. सासूबाई सहाणेवर दोन वेढे उगाळून कोमट दुधात घालतात, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण एकाने झोप येईना म्हणून अख्खं जायफळ किसून घेतलं. रात्रभर धडधड, भास, तोंडाला कोरड. घरचंच आहे, मग काय होतंय, हा हिशोब इथे चालत नाही.

खरी अडचण औषधाची नाहीच, गावाची आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. महाराष्ट्रभर ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणून हसतात आणि आम्ही इथेच राहतो! मनाच्या डॉक्टरकडे जाताना ओळखीचं कुणी बघेल, ही धास्ती घबराटीपेक्षा मोठी. याच गावात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून काम करतेय, तरीही लोक आधी माझ्याकडे अश्वगंधा मागतात.

आणि सवयीचं म्हणाल तर ती भीती खोटी नाही, फक्त सरसकट लावलीय. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून तर त्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि प्रत्येक विक्री अशा औषधांसाठीच्या एच-वन रजिस्टरमध्ये चढते, पेशंट आणि डॉक्टरच्या नावासकट. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या चिंता-नैराश्याच्या गोळ्यांची तशी सवय लागत नाही. त्या गुण यायला काही आठवडे घेतात आणि थांबवायच्या तेव्हा हळूहळू कमी कराव्या लागतात, इतकंच. कुठलीही गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, अल्प्राझोलाम तर नाहीच. एकदम सोडल्यावर फिट येऊ शकते.

झोपेच्या गोळीवर अश्वगंधा घेतली तर गुंगी वाढू शकते. तेव्हा पिशवीत काही टाकण्याआधी घरी आणखी काय चालू आहे ते मी विचारणारच. मागे माणसं उभी असतील तर कागदावर लिहून द्या, पण सगळं लिहा, सासूबाईंच्या काढ्यासकट.