मावशी, औषधं आणि आल्टो

श्रद्धांजलीच्या मजकुराचं मला नेहमी नवल वाटतं. माणूस चांगला सत्तर-ऐंशी वर्षं जगतो, आणि शेवटी त्याचं दोन शब्दांत भागतं, नोकरी काय होती आणि आवड काय होती. "मनमिळाऊ स्वभाव" तर सगळ्यांनाच लावतात, जन्मभर शेजाऱ्यांशी भांडलेल्या माणसालाही, त्यामुळे ते सोडूनच द्या. मैत्रिणीची आई गेली तेव्हा छापून आलेल्या मजकुरातही तसंच होतं, निष्ठावान फार्मासिस्ट आणि चर्चच्या क्वायरमधल्या ज्येष्ठ गायिका. बास. वाचणाऱ्याला वाटणार की बाई आठवडाभर गोळ्या द्यायच्या आणि रविवारी गायच्या. खोटं काहीच नाही त्यात, पण ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की काय दिसतं ते त्या मजकुरात कुठेच नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

मैत्रिणीच्या आईला मी मावशीच म्हणायचे. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडलं नसतं. म्हणजे ती प्रसिद्धीला लाजणारी वगैरे होती असं नाही हं, नाव चुकीचं छापतील ह्याची तिला धास्ती. स्पेलिंग म्हटलं की तिचे कान टवकारायचे, आणि त्याला कारणही तसंच होतं.

हायड्रॉक्सिझिन नावाचं एक औषध आहे, अंगाला खाज सुटली, ॲलर्जी झाली की देतात. आणि हायड्रॅलाझिन नावाचं दुसरं आहे, ते ब्लडप्रेशर खाली आणतं. आता ही दोन्ही नावं घाईत लिहिलेली, त्यात डॉक्टरी अक्षर, त्यात रॅकवर खोकी एबीसीडीप्रमाणे लावली तर जवळजवळ खेटूनच येणार. मावशी ती मुद्दाम दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवायची आणि नवीन आलेल्या पोराने व्यवस्थित एबीसीडी लावून ठेवलं की त्याची शाळा घ्यायची. अशा जुळ्या नावांसाठी हल्ली बऱ्याच ठिकाणी जी अक्षरं वेगळी आहेत तेवढीच कॅपिटलमध्ये छापतात, वाचताना नजर तिथे अडखळावी म्हणून. मावशीची नजर आधीपासूनच अडखळत होती, तिला कॅपिटलची गरज नव्हती. मिलिग्राम आणि मायक्रोग्रामचं पण तसंच, लिहिताना एका अक्षराचा फरक आणि प्रत्यक्षात हजारपटीचा, थायरॉइडची गोळी मायक्रोग्राममध्ये असते ती कोणी मिलिग्राममध्ये लिहिली तर काय होईल ते तीच सांगायची, डोळे मोठे करून, लहान मुलांना भुताची गोष्ट सांगावी तसं.

तिच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेलं औषध मात्र मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी हे देतात ते आठवड्यातून एकदाच. एकच दिवस. बाकी बहुतेक गोळ्या रोजच्या असल्यामुळे लिहिणाऱ्याच्या हातून "रोज" निसटतं, किंवा लिहिलेलं बरोबर असतं आणि पेशंट आपल्या मनानेच रोज घ्यायला लागतो, आणि मग अस्थिमज्जा, म्हणजे हाडांमध्ये जिथे रक्त तयार होतं ती जागा, तीच बंद पडायला लागते. माणसं दगावली आहेत ह्या एका शब्दापायी. तर मावशीच्या औषधांच्या खिडकीवर एकदा अशी चिठ्ठी आली, मेथोट्रेक्सेट, रोज एक. समोर लाइन, कोणाला बस पकडायची आहे, कोणाचं बाळ रडतंय. मावशीने चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फोन उचलला. पलीकडून डॉक्टर वैतागलेले, त्यांचीही ओपीडी भरलेली असणार, चूक त्यांची एकट्याची नाही, दमलेल्या माणसाकडून होतंच. ही शांतपणे म्हणाली, "सर, मी थांबते लाइनवर, तुम्ही एकदा केसपेपर बघता का." आणि थांबली. लाइनीतले लोक चुळबूळ करत होते, एकाने तर ऐकवलं की गोळ्या काढून द्यायला कसला एवढा वेळ. दोन मिनिटांनी पलीकडून "आठवड्यातून एकदा करा" असं आलं, हिने चिठ्ठीवर तशी नोंद केली, वेळ टाकली, सही केली, पेशंटला कुठला वार सोयीचा ते विचारून तो वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. पेशंट वैतागूनच गेला. त्याला काय माहीत हो, आणि मावशीने सांगितलंही नाही.

हे मला तिच्या मुलीने सांगितलं. मावशी स्वतः असलं काही सांगायची नाही, ती फक्त तक्रारी सांगायची. लोक सिरप मोजायला घरातला कुठलाही चमचा घेतात, अरे बाबा बाटलीबरोबर ते प्लास्टिकचं माप दिलंय ना, पाच एमएल म्हणजे पाच एमएल. तीन दिवसांत बरं वाटलं की अँटिबायोटिक बंद करतात आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी जपून ठेवतात. लोहाची गोळी चहाबरोबर, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दुधाबरोबर, थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटात, आणि मग म्हणायचं औषधाचा गुणच येत नाही. स्ट्रिप कापताना ती एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत शाबूत ठेवायची, ह्या टोकाशी जो कात्री लावेल त्याची खैर नाही. गोळ्या मोजायची पाचपाचने, ट्रेवर पट्टीने पाच सरकवायच्या, परत पाच, आणि ती सवय इतकी हाडीमासी गेलेली की चर्चमधल्या खुर्च्या आणि गीतांची पुस्तकंसुद्धा पाचपाचनेच मोजायची.

आता चर्चचं. मावशी आल्टो गायची. क्वायरमध्ये साधारण चार आवाज असतात, बायकांमध्ये वरचा सोप्रानो, खालचा आल्टो, पुरुषांमध्ये टेनर आणि बेस. चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे, म्हणजे उपासना संपल्यावर लोक जे गुणगुणत बाहेर पडतात ते सोप्रानोचं. आल्टोच्या वाट्याला काय येतं तर एकच सूर, परत तोच सूर, मग जरासा खाली, आणि परत तोच. आल्टोची ओळ एकटी म्हणून दाखवली तर ऐकणारा विचारेल की हे गाणं आहे का हजेरी चाललीय. मावशी घरी प्रॅक्टिस करायची तेव्हा मैत्रीण कंटाळून दार लावून घ्यायची, कुठलं गाणं चाललंय तेच कळायचं नाही म्हणे.

पण गंमत अशी की सा-ग-प एकत्र लागले आणि त्यातला ग मधल्या कुठल्यातरी आवाजाकडे असला, बऱ्याचदा आल्टोकडे असतो, तर सगळ्या गाण्याचा चेहरा त्या एका सुरावर ठरतो. शुद्ध गंधार लागला तर गाणं हसतंय, तोच कोमल झाला तर गाण्याचं तोंड पडलं. वरचा सा आणि प तसेच्या तसे. लोकांना फक्त काहीतरी बिनसलंय एवढं कळणार, कोणाचं बिनसलं ते नाही. आणि बरोबर लागला तर वा काय सोप्रानो आहेत म्हणणार. मावशीला ह्याचं वाईट वाटायचं का? मी विचारलं होतं एकदा. ती म्हणाली, सोप्रानोंना सूर कमी आणि आवाज जास्त आहे, आमच्यामुळे तरतात. म्हणजे वाटत होतं थोडंसं, उगाच तिला संत करायला नको.

संतांवरून आठवलं. संगीताची संत म्हणून कॅथलिक परंपरेत सेसिलियाला मानतात, 22 नोव्हेंबर तिचा दिवस. तिची कथा अशी की तिच्या लग्नात वाद्यं वाजत होती आणि ती मनातल्या मनात देवासाठी गात होती. मावशी म्हणायची ही नक्की आल्टो असणार, गायली पण ऐकू कोणालाच आलं नाही. फार्मासिस्टांचे संत म्हणजे कॉस्मस आणि डेमियन, दोघे जुळे भाऊ, आजाऱ्यांवर उपचार करून पैसे न घेणारे म्हणून नावाजलेले, त्यांचा दिवस 26 सप्टेंबर, आणि जागतिक फार्मासिस्ट दिन आदल्याच दिवशी 25 ला येतो. तो मात्र संतांमुळे नाही, 1912 साली त्या तारखेला फार्मासिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली म्हणून. जुळ्या भावांवर मावशीची टीका ठरलेली, पैसे घेतले नाहीत ते ठीक, पण रजिस्टर ठेवलं होतं का?

आणि एक चित्रांचा प्रकार आहे, जर्मन भाषेच्या मुलखात सतराव्या-अठराव्या शतकात बराच चालायचा, त्यात खुद्द येशू औषधाच्या दुकानात बसलाय. समोर टेबलावर तराजू, आणि भोवती बरण्याच बरण्या, बरण्यांवर औषधांची नावं नाहीत, विश्वास, आशा, प्रीती, धीर असलं लिहिलेलं. मैत्रिणीने मोबाइलवर दाखवलं तेव्हा मावशीने दोन बोटांनी ते मोठं केलं, बराच वेळ बघितलं, मला वाटलं भारावली असेल, तर म्हणाली लेबल दिसेल अशी सगळी बरण्यांची तोंडं पुढे आहेत, छान ठेवलंय.

मला ह्या दोन कामांत एक धागा दिसतो तो असा. अकराव्या शतकात गुइदो नावाच्या इटलीतल्या एका मठवासी संगीतशिक्षकाने रेघांवर सूर लिहायची पद्धत बसवली, उद्देश असा की गायकाने कधीच न ऐकलेलं गाणं नुसतं कागदावरून वाचून म्हणावं, गुरूच्या तोंडून ऐकायची वाट बघत बसायला नको. आणि तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा ह्याने कायदा करून वैद्य आणि औषध बनवणारा हे दोन धंदे वेगळे केले. म्हणजे दोन्हीकडे झालं काय, तर लिहिणारा एक आणि ते प्रत्यक्षात उतरवणारा दुसरा. मधे कागद. मावशी सगळा जन्म त्या कागदाच्या ह्या बाजूला उभी होती. तिने एकही चाल बांधली नाही, एकही औषध स्वतःच्या मनाने लिहून दिलं नाही. उपासनेनंतर आवारात लोक तिला गाठायचे, मोबाइलवर स्ट्रिपचा फोटो दाखवून "मावशी ही घेऊ का?" तर हिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?" लोकांना वाटायचं ही हात झटकतेय. पण नुसता आज्ञाधारकपणाही नव्हता तो, कारण कागद चुकला की फोन उचलणारी पण हीच होती, आणि एकदा छापील स्वरलिपीतच आल्टोच्या ओळीत एक सूर चुकलेला हिने पकडला होता, क्वायरमास्टरशी तासभर वाद घालून. दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं पोचवायचं आणि तरी आंधळेपणाने पोचवायचं नाही, ह्यात काय ताण असतो ते स्वतः लिहिणाऱ्यांना नाही कळत. मलाही फारसं कळत नसणार, मी लिहिणारीच.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं होतं की एकत्र गाताना गायकांच्या हृदयाचे ठोके एका लयीत वाढतात आणि कमी होतात, कारण गाण्याच्या ओळींमुळे श्वास एका वेळी घेतला जातो. मावशीला हे ऐकवलं तर तिने एक दुरुस्ती सुचवली. म्हणाली एका वेळी श्वास घेतात ते साध्या गीतात. लांबलचक सूर धरायचा असतो तिथे उलट, तिथे दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. आपली शेजारीण कुठे घेते ते माहीत हवं, ती घेत असताना आपण सूर धरून ठेवायचा, तिचा घेऊन झाला की आपण घ्यायचा, शब्दाच्या मधे हळूच, परत येताना आवाज न करता. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो, प्रत्यक्षात कोणी ना कोणी सारखं थांबलेलं असतं. मग स्वतःच म्हणाली, आमची नाइट ड्युटीपण अशीच, खिडकी कधी बंद दिसता कामा नये.

गेल्यावर तिची गाण्यांची फाइल क्वायरला देऊन टाकली. आत प्रत्येक पानावर पेन्सिलीने बारीक खुणा, कुठे श्वास, कुठे नाही, दोन-तीन ठिकाणी "घाई नको" आणि एका ठिकाणी नुसतंच "सोप्रानो!!" एवढं. फाइल ज्या मुलीला मिळाली ती कॉलेजात शिकणारी, मैत्रिणीला भीत भीत विचारत होती की काकू, आईंच्या खुणा खोडल्या तर चालेल का, कारण माझ्या शेजारी आता दुसरी बसते आणि ती नेमकी ह्याच जागी श्वास घेते. मैत्रिणीने खोडरबर दिलं. पण ते "सोप्रानो!!" खोडू दिलं नाही.