आबांच्या टिपा

आज खानापुरात दिवसभर पाऊस, दोनदा लाईट गेली. तरीही आबांचं काम जवळजवळ पूर्ण झालं.

आबा वर्षभर टॅबवर जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ वाचताहेत. कन्नडशी नातं असलेला शब्द दिसला की पिवळा करायचा आणि शेजारी टीप लिहायची. परवा म्हणाले, "एवढं सगळं एका वहीत उतरवून देशील काय?"

मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातली पीडीएफ वाचणारी पायमुपीडीएफ लायब्ररी घेऊन बसले. टिपा लगेच निघाल्या, पण पिवळा केलेला मजकूर रिकामा! मग कळलं, हायलाइटमध्ये शब्द साठवलेलेच नसतात. असतात फक्त कोपऱ्यांचे आकडे. एका ओळीला एक चौकोन, त्याचे चार बिंदू. हायलाइट दोन ओळींवर गेला तर दोन चौकोन. त्या चौकोनात पानावरचे कुठले शब्द पडतात ते आपणच शोधायचं. सुरुवातीला वरच्या ओळीतले शब्दही घुसत होते. चौकोन वरून-खालून जरा आत घेतला, तेव्हा जमलं. दोन पुस्तकं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली. त्यांतून नुसती अगम्य अक्षरं आली. ती हातानेच लिहून घेणार.

संध्याकाळी आबांना यादी वाचून दाखवली. 'तूप': कन्नडमध्ये तुप्प. 'अडकित्ता': अडिके म्हणजे सुपारी. एका शब्दापुढे मात्र अर्थ नव्हताच, फक्त एवढंच होतं, "आई असं म्हणायची."

ती ओळ आबांनी मला पुन्हा वाचायला लावली.